अप्पांचं नाव पहिलं

आमच्या अप्पांनी परदेशात कंपनी काढली ती धंदा वाढवायला नव्हे. घर फुटू नये म्हणून काढली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर पेठेत लोकांनी काहीबाही उठवलं. म्हाताऱ्याला हाव सुटली म्हणे, पोरांना दुबईचं वारं लागलं म्हणे. बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार? हाव असती तर अप्पांनी कोल्हापूरच्या शाहूपुरीतच आणखी दोन गाळे घेतले असते, समुद्रापलीकडं कशाला गेले असते?

आमचं गुळाचं अडत दुकान. शेतकरी गुऱ्हाळावरून गुळाचे रवे घेऊन यायचे. रवा म्हणजे गुळाची मोठी ढेप, एका माणसाला कशीबशी उचलता येईल अशी. दुकानात सौदा व्हायचा, गूळ गुजरातला नाहीतर मुंबईला जायचा, आणि आम्ही वर माडीवर राहायचो. घरात कानडी-मराठी खिचडी. वडील अप्पा, थोरला भाऊ अण्णा, धाकटा तम्मा. मधली मी. अण्णाहून लहान असूनही तम्माचं ऐकून मला सगळे अक्काच म्हणायला लागले. अव्वा, म्हणजे आमची आई, लवकर गेली. माझं लग्न पेठ वडगावात झालं, किराणा मालाच्या घरात, पण माझा एक पाय कायम माहेरात असायचा. सासूबाई म्हणायच्या, हिला एसटीचा पासच काढून द्या.

अण्णा दहावीनंतर गादीवर बसला. शेतकऱ्यांची नावं, त्यांच्या पोरींची लग्नं, कुणाचा बैल मेला, सगळं त्याला तोंडपाठ. तम्मा कॉलेज शिकून आला आणि आल्या आल्या म्हणाला, गूळ पुड्यांत घालून विकू. एक किलो, अर्धा किलो, वर छापील कागद. अण्णा हसला. "गूळ म्हंजे काय बिस्कीट हाय व्हय रं?" पेठेसमोर हसला, हे त्याचं चुकलं. तम्माही काही कमी नव्हता, तो सौद्याच्या वेळी मुद्दाम मध्ये बोलायचा. एक दिवस दोघांनी एकाच शेतकऱ्याला दोन वेगळे भाव सांगितले. तो बिचारा दोघांच्या तोंडाकडं बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "आधी तुमचं तुम्ही ठरवा, मी च्या पिऊन येतो." तो गेला तो शेजारच्या दुकानात गेला. संध्याकाळी अप्पा जेवले नाहीत.

मला आठवतं, पुढच्या रविवारी मी गेले तर अप्पा माडीच्या जिन्यात बसले होते. "अक्का," ते म्हणाले, "दुकानाचं दोन करायचं न्हाईत मला. भिंत घातली की गिऱ्हाईक बी अर्धं हुतं आणि भाऊ बी." मग त्यांनीच तोड काढली. दुकान आहे तसं अण्णाकडं राहील, आणि तम्माला पुड्यांचा नाद आहे ना, तर त्यानं तो तिकडं आखातात करावा. आमचा गूळ तसाही मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत तिकडं जायचाच. तिथं कंपनी काढायची, इथून रवे पाठवायचे, तिथं फोडून पुड्या करायच्या. दोन धंदे, पण घर एक. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी पुरणपोळ्या करूनच वडगावला परतले.

त्या काळात परदेशात कंपनी काढायची म्हणजे साधी गोष्ट नव्हती. आमचे सी.ए. डोकं धरून बसायचे. इथली परवानगी, तिथली परवानगी, फॅक्स करायला कोपऱ्यावरचं एसटीडी बूथ, तिथल्या पोराला आमच्या कंपनीची सगळी खबर. गल्लीत आखातातल्या कुठल्याही गावाला दुबईच म्हणायचे. आमचं गाव दुबई नव्हतं, तिथून तासाभरावरचं होतं, पण सांगून उपयोग नव्हता. तिथं सरकारनं एक वेगळा भाग राखून ठेवला होता. परदेशी माणसानं आपला पैसा घालावा, गोदाम भाड्यानं घ्यावं, आणि तिथल्या कुणाला भागीदार न घेता स्वतः मालक व्हावं. अप्पांना हे फार आवडलं. "म्हंजे पाव्हण्याच्या घरात आपली सवती चूल," असं म्हणाले.

मालक कोण, हा प्रश्न मात्र आला आणि तिथंच सगळं बिनसलं.

दिवाळी होती. फराळाची ताटं समोर, दोघे भाऊ एकाच सतरंजीवर. तम्मानं चकलीचा तुकडा मोडत सहज बोलावं तसं म्हटलं, "अप्पा, तिथली कंपनी माझ्या एकट्याच्या नावानं काढूया का?" एवढंच. आवाज चढवला नाही, हट्ट केला नाही. पण माडीवर असं काही झालं की जणू त्यानं वाटणीच मागितली. अण्णाचा घास हातात राहिला. "म्हंजे मी कोण? अप्पा कोण?" तम्मा म्हणाला, "तसं न्हाय अण्णा, तिथं राहणार मी, म्हणून..." अप्पांनी हात वर केला. आमच्या घरात हात वर झाला की बोलणं संपलं. "कंपनी तिघांची. माझं नाव पहिलं, मग अण्णाचं, मग तुझं. जसं दुकानावर हाय तसं."

आमच्याकडं हीच रीत. बाप आहे तोवर बापाचं नाव पहिलं. दुकानावर, जीपवर, लग्नाच्या पत्रिकेवर, अगदी कोनशिलेवरसुद्धा. त्यात वावगं काय आहे, असं मलाही तेव्हा वाटलं. तरी मी दुपारी अप्पांना एकटं गाठून विचारलंच, "तो एवढं म्हणतोय तर द्या की त्याचं त्याला." अप्पा सुपारी कातरत होते. "नाव दिलं की पोरगं गेलं, अक्का," ते म्हणाले. "तिकडचं पाणी गोड लागलं तर? माझं नाव असलं म्हंजे माझ्यासाठी तरी यील." आणि मग म्हणाले, "हे त्याला सांगू नगंस." मी नाही सांगितलं.

कंपनी काढायला तिघेही गेले. तिथला नियमच तसा, प्रत्येक मालकानं स्वतः येऊन सही करायची. अप्पा धोतर, काळा कोट आणि पांढरी टोपी घालून विमानात बसले. कपाळावर विभूती, पिशवीत शेंगदाण्याची चटणी, भाकऱ्या, आणि तिथल्या साहेबाला द्यायला एक पिवळीधमक गुळाची भेली. गल्ली सगळी सोडायला. आमच्या जीपला हारसुद्धा घातला होता, नाद खुळा नुसता! तिथं काय झालं ते तम्मानं मला नंतर सांगितलं.

तिथं एक एजंट होता, केरळचा माणूस, कंपन्यांचे कागद करणं हेच त्याचं काम. त्यानं तिघांना बसवलं, चहा दिला आणि मोडक्या हिंदीत समजावलं. म्हणाला, इथं जो राहणार आहे त्याच्या नावानं करा. फार तर एक भाऊ घ्या. वडिलांचं नाव घालू नका. वय झालेलं आहे, उद्या काही बरंवाईट झालं तर इथलं कोर्ट वारस ठरवेपर्यंत बँकेचं खातं बंद होतं, परवाना अडकतो, सगळं ठप्प.

माणूस कामाचं बोलत होता. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं. पण अप्पा समोर बसले होते, हातात गुळाची भेली घेऊन. अण्णा ताडकन उठला. "पावणं, जीभ सांभाळा. आमच्या बापाच्या मरणाची भाषा करतासा व्हय?" एजंटला मराठी कळलं नाही, पण रंग कळला. तो तम्माकडं बघायला लागला. आता तम्मानं काय बोलावं? त्याच्याच फायद्याची गोष्ट होती ना ती! तो तोंड उघडता तर बापाचं मरण चिंतणारा पोरगा ठरला असता, तेही परक्या देशात, परक्या माणसासमोर. त्यानं समोरचा चहा उचलला. अप्पांनी खिशातून पेन काढलं आणि पहिली सही केली, कानडीत. बँकेतल्या खात्यालाही त्यांचीच सही पहिली.

मला राग येतो तो याचाच. आमच्यात माणूस मरणार हे बोलायचं नाही. शंभर वर्षांचा असला तरी नाही. बोललं की अभद्र. विमा उतरवणारा दारात आला तर आम्ही त्याला पाणी देऊन वाटेला लावतो. मग मरण येतं तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोट घालून बसायचं, जणू असं कधी कुणाच्या घरी घडलंच नाही.

पण मधली ती वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू? तम्माच्या पुड्या तिथं चालल्या. आपले लोक, पाकिस्तानी, इराणी, सगळे घ्यायचे. दमट हवेत गूळ पाघळतो, म्हणून त्यानं गोदामाला थंड हवेची यंत्रं बसवली. आयुष्यभर गूळ पत्र्याखाली ठेवलेला अण्णा फोनवर म्हणायचा, "गुळाला एसी आणि आम्हाला पंखा बी न्हाय!" पण आवाजात कौतुक असायचं. रवे निवडताना अण्णा सगळ्यात चांगला माल बाजूला काढून "ह्यो तम्माचा" म्हणायचा. तम्मा गावी आला की दोघे रंकाळ्यावर भेळ खायला जायचे, तासन्‌तास बोलायचे. समुद्र मध्ये आला आणि भाऊ जवळ आले. अप्पांची तोड बरोबर होती की हो!

अप्पा गेले ते भर हंगामात. सौदा चालू असताना गादीवर मान टाकली. त्याच दिवशी माती झाली, तम्मा पोचला नाही. तो दुसऱ्या दिवशी आला आणि जिन्यात, अप्पांच्या जागी बसून राहिला. अण्णानंच त्याला हाताला धरून वर आणलं.

अप्पांचे दिवस-कार्य झाले आणि अण्णा मला जीपमधून कचेरीत घेऊन गेला. हक्कसोड. बापाच्या मालमत्तेवरचा हक्क बहिणीनं भावांना सोडून द्यायचा, ही आमच्याकडची दुसरी रीत. कुणी विचारत नाही, बहीणही विचारत नाही. मी सही केली, वहिनीनं इरकली साडी दिली, आम्ही वाटेत चहा प्यायलो. मला वाईट वाटलं नाही. माहेर राहतं ना, मग झालं, असं वाटलं.

आणि तिकडं एजंट म्हणाला होता तस्सं झालं. खातं बंद. परवान्याची मुदत संपत आलेली, नव्यासाठी सगळ्या मालकांच्या सह्या हव्यात, आणि पहिला मालक तर मातीत. तिथलं कोर्ट म्हणालं, मेलेल्याचे वारस आणा. वारस कोण? दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीची हक्कसोड दाखवली तर म्हणाले, हा तुमच्या गावचा कागद, आम्हाला चालत नाही. मुलीनं स्वतः यावं, नाहीतर त्यांना चालेल असं मुखत्यारपत्र करून द्यावं.

तम्माचा फोन वडगावात आला. "अक्का, तू ये," तो म्हणाला. "हितं तुझं नाव मोजत्यात." गंमत बघा. जिथं मी जन्मले तिथं माझं नाव काढून टाकण्यापुरती माझी सही लागली, आणि जो देश मी नकाशातही बघितला नव्हता तिथं माझ्यावाचून अडलं.

मी तयार होते. देवाशपथ सांगते, मी त्याच दिवशी निघाले असते. पण पासपोर्ट नव्हता. अर्ज केला तर चौकशीला पोलीस दारात आला आणि सासरे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या नवऱ्यानं बिचाऱ्यानं त्यांची समजूत काढली. माहेरी अण्णा हटून बसला. "बहिणीला कोर्टात उभी करू? लोक तोंडात शेण घालतील. आणि हक्कसोड झाल्यावर परत तिचं नाव लावायचं म्हंजे काय?" त्याला वाटायचं, एजंट पैशासाठी घोळ घालतोय. त्यानं हक्कसोडच पुन्हा पाठवली, भाषांतर करून, शिक्के मारून. ती परत आली. मग मुखत्यारपत्राला हो म्हणाला, तर ते आधी इथल्या कोर्टाच्या वारस दाखल्यावाचून होईना. मग मुंबई, मग दिल्ली, प्रत्येक कचेरीत आणखी एक शिक्का. अण्णा लबाड नव्हता. तो फक्त कोल्हापूरचा होता, आणि बहिणीच्या सहीशिवाय दोन भावांचं काही अडू शकतं हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

हिवाळा गेला, उन्हाळा आला. तिथल्या उन्हाळ्याची आपल्याला कल्पना नाही. खात्यातून वीजबिल भरता येईना. तम्मानं हातचं होतं ते घातलं, मित्रांकडून आणलं, पण शेवटी वीज तोडलीच.

"अक्का, गूळ पाघळला." त्याचा आवाज इतका शांत होता की आधी मला समजलंच नाही. "दारातनं भाईर यायलाय. रस्त्यापतोर आलाय." मागं कुठंतरी पाणी पडल्याचा आवाज येत होता. कामगारांना तो आधीच घरी पाठवून बसला होता, एकटाच पाइप घेऊन गोदाम धूत होता. अण्णानं निवडून बाजूला काढलेले रवे होते ते. मी इकडं पदरात तोंड घालून रडले.

माझा पासपोर्ट त्यानंतर आला. कोरा करकरीत. त्यावर कधी एकही शिक्का उमटला नाही, आणि त्याची मुदतही कधीच संपून गेली.

तिकडची कंपनी बुडाली, आणि तम्माला आणायला अण्णा स्वतः जीप घेऊन मुंबईला गेला. ड्रायव्हर सांगत होता, कराड येईपर्यंत दोघे एक शब्द बोलले नाहीत. कराडला अण्णानं विचारलं, "च्या घेणार?" तम्मा म्हणाला, "नको." तेवढंच. मग तो दुकानात येऊन बसायला लागला, गादीच्या मागच्या बाजूला. अण्णानं त्याला पुढं बोलावलं, किल्ल्या दिल्या, पुड्यांचं यंत्र आणू का म्हणून विचारलंसुद्धा. माझ्यासमोर विचारलं. तम्मा म्हणाला, "कुणाच्या नावानं?"

त्यानंतर वाटणी व्हायला फार दिवस लागले नाहीत. भांडण झालं नाही, ते झालं असतं तर बरं झालं असतं. कचेरीत मीही गेले होते. साहेबानं विचारलं, बहीण आहे का? अण्णा म्हणाला, "हाय, पण तिनं सोडलंय." मी बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. दुकानाच्या मधोमध भिंत आली, माडीच्याही मधोमध. जिना अण्णाकडं गेला, तम्मानं रस्त्याकडून नवा लोखंडी जिना काढला. दोन बोर्ड लागले. दोन्ही बोर्डांवर अप्पांचं नाव पहिलं आहे. तम्माच्या बोर्डावरही. मला वाटलं होतं तो तरी आता एकट्याचं घालेल.

आता भाऊबीजेला मी दोनदा ओवाळते. आधी तम्माकडं, मग अण्णाकडं. पूर्वी दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवून एकाच तबकानं ओवाळायचे, आणि दोघे पहिला लाडू कुणाला यावर भांडायचे. मागच्या एका भाऊबीजेला तम्माला ओवाळून झालं, त्यानं ओवाळणी घातली आणि पाटावरून उठलाच नाही.

"मी एकदाच मागितलेलं, अक्का," तो म्हणाला.

काय मागितलं होतं ते विचारायची गरज नव्हती. एवढी वर्षं पोटात ठेवलं ते मी त्या दिवशी सांगून टाकलं. "अप्पांना भीती होती रे. तुझं एकट्याचं नाव घातलं तर तू तिकडचाच होशील. परत यायचा न्हाईस, म्हणून."

तम्मानं माझ्याकडं बघितलं. रागावला नाही. मला वाटतं, तो राग धरायचाच विसरून गेला होता. "आलो की परत," तो म्हणाला. "हाय की हितंच."

भिंतीपलीकडून अण्णाचा आवाज येत होता. सणाचा दिवस, तरी कुणाला तरी तो मोठ्यानं भाव सांगत होता, अगदी अप्पांसारखा. तम्मा लाडू हातात धरून ऐकत राहिला. मग मी तबक उचललं, निरांजन विझू नये म्हणून पदर आडवा धरला, आणि लोखंडी जिना उतरून रस्त्यानं वळसा घालून अण्णाच्या दारात गेले.